तिखट जिभेला, घाम कपाळाला

सावजी रश्श्याचा पहिला घास पोटात गेला की जीभ पोळते, नाक वाहू लागतं आणि मिनिटाभरात कपाळावर घाम डवरतो. मिरची लागली जिभेला. कपाळाला कोणी सांगितलं? नागपुरात नव्याने आलेला पाहुणा रुमाल शोधता शोधता हे हमखास विचारतो, आणि यजमान ‘होईल सवय’ म्हणून आणखी एक पळी तर्री वाढतो. यजमानाचं म्हणणं खरंच आहे, सवय होते. पण ते पाहुण्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

आपल्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. प्रत्येक पेशी स्वतःच्या पडद्यात बंद असते. शेजारच्या पेशीत काय चाललंय हे बघायला तिला डोळे नाहीत, ऐकायला कान नाहीत. तरी जीभ, मेंदू, घामाच्या ग्रंथी, हृदय आणि मूत्रपिंडं एकमेकांच्या तालावर चालतात, ती रसायनांच्या देवाणघेवाणीवर. एक पेशी एखादं रसायन बाहेर सोडते, दुसरी ते ओळखते आणि आपलं वागणं बदलते. या रसायनाला आपण इथे साधं ‘निरोप’ म्हणू.

१. ५६ अंशांचं नागपूर

३० मे २०२४ या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं. बातमी देशभर गेली. शहराचा नोंदलेला उच्चांक ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा; तो एकदम आठ अंशांनी मोडला गेला! हवामान खात्याने तपासलं तेव्हा कळलं की हवा तेवढी तापलीच नव्हती. संवेदकाचा आकडा चुकला होता.

सावजी खाताना तोंडात असाच एक चुकीचा आकडा निघतो. रस्सा कोमट असला तरी जीभ ‘पोळलं’ म्हणते, आणि तापमापी लावली तर तोंडाचं तापमान नेहमीइतकंच भरतं.

जिभेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर, पेशीच्या पडद्यात रोवलेलं एक प्रथिन असतं. शास्त्रज्ञ त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. त्याच्या मधोमध एक अतिसूक्ष्म भोक असतं, एरवी बंद. तापमान साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की प्रथिनाचा आकार बदलतो, भोक उघडतं आणि बाहेरचे सोडियम-कॅल्शियमचे विद्युतभारित कण आत घुसतात. त्या धक्क्याने मज्जातंतूत विजेची लहर उठते आणि मेंदूपर्यंत जाते. मेंदूच्या लेखी त्या तंतूतून आलेल्या लहरीचा अर्थ एकच: भाजलं.

मिरचीत, विशेषतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या भागात, कॅप्सायसिन नावाचं रसायन असतं. ते या प्रथिनाच्या एका खोबणीत जाऊन बसतं आणि ३७ अंशांनाच भोक उघडतं. हवामान केंद्रातलं यंत्र चुकलं होतं. इथे मात्र प्रथिन धडधाकट आहे, मज्जातंतू धडधाकट आहे, मेंदूही शुद्धीवर आहे. उष्णतेचा निरोप उष्णतेऐवजी भिवापुरी मिरचीने पाठवला, एवढंच. उष्णता आणि कॅप्सायसिन दोघंही एकाच प्रथिनाला हलवत असल्यामुळे त्यांचा परिणाम एकमेकांत मिसळतो. म्हणून तिखट जेवणावर गरम चहा घेतला तर तो नेहमीपेक्षा जास्त पोळतो. थंड पाण्याने क्षणभर बरं वाटतं, पण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. घोट संपला की आग परत येते. दुधातली प्रथिनं कॅप्सायसिनला धरून ठेवतात, त्यामुळे दूध किंवा दही जास्त उपयोगी पडतं.

आणि सवय? कॅप्सायसिनचा मारा वारंवार होत राहिला की हे प्रथिन आणि ते बाळगणारा मज्जातंतू त्याला कमी कमी दाद देऊ लागतात. सांधेदुखीवर लावायच्या काही मलमांत मिरचीचंच रसायन असतं, ते यासाठी. आधी आग होते, मग तो तंतू काही काळ गप्प बसतो आणि त्याच्याबरोबर दुखण्याची वर्दीही थांबते.

२. पोपट मिरची कशी खातो?

पिंजऱ्यातला पोपट हिरवीगार मिरची कुरतडून खातो आणि वर ‘विठू विठू’ करतो. त्याला तिखट आवडतं म्हणून नव्हे. त्याला ते तिखट लागतच नाही.

पक्ष्यांकडेही टीआरपीव्ही-१ असतं आणि चटका बसला की ते उघडतं. पण त्याची घडण आपल्यापेक्षा किंचित वेगळी आहे. कॅप्सायसिन ज्या खोबणीत बसायला हवं ती तिथे जुळत नाही. तेच रसायन, तेवढीच मात्रा. पण निरोप पोचत नाही. मिरचीच्या झाडाचा यात फायदाच आहे. सस्तन प्राणी बिया चावून संपवतात, पक्षी त्या अख्ख्या गिळून दूरवर टाकतात. झाडाने उंदराला हाकललं आणि पाखराला बोलावलं, तेही एकाच रसायनाने.

निरोप ओळखणाऱ्या अशा प्रथिनाला ‘ग्राही’ म्हणतात. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून इथे थोडं थांबू. मिरची तिखट असते, अ‍ॅड्रिनालीन हृदयाची गती वाढवतं, असं आपण सहज बोलतो. जणू परिणाम त्या रसायनातच भरलेला आहे. तसा तो नसतो. रसायन हा फक्त एक आकार. त्याने काय घडायचं हे कोणत्या पेशीवर कोणता ग्राही आहे आणि त्या ग्राहीच्या मागे पेशीच्या आत काय जोडलेलं आहे, यावर ठरतं.

हे सिद्ध करणारा प्रयोग डेव्हिड ज्यूलियस यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेत झाला. मिरचीला अजिबात दाद न देणाऱ्या पेशी त्यांनी घेतल्या. मग वेदनेच्या मज्जातंतूंमध्ये काम करणाऱ्या जनुकांचे तुकडे गटागटाने त्या पेशींत घातले आणि प्रत्येक गटावर कॅप्सायसिन टाकून पाहिलं. शेवटी एक जनुक असं सापडलं, की ते आत जाताच मिरचीला बधिर असलेली पेशी खडबडून जागी झाली. १९९७ साली ते जनुक आणि त्यापासून बनणारं प्रथिन जगापुढे आलं. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल ज्यूलियस आणि स्पर्शाच्या ग्राहींवर काम करणारे आर्डेम पाटापूटियन यांना मिळून देण्यात आलं. एक प्रथिन दिलं आणि पेशीला तिखट कळू लागलं. मिरची तीच होती.

३. दोन बेडूक आणि कपाळावरचा घाम

जिभेकडून मेंदूला वर्दी गेली. मेंदूच्या तळाशी असलेल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राने ती खरी मानली आणि थंडाव्याची तजवीज सुरू केली. मज्जातंतूंतून विजेच्या लहरी कपाळाकडे निघाल्या. पण मज्जातंतू घामाच्या ग्रंथीला चिकटलेला नसतो. मध्ये फट असते. वीज ती फट ओलांडत नाही. मग निरोप पलीकडे जातो कसा?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर मोठा वाद होता. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो ल्योवी नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांना एका रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर खरडला, पण सकाळी स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न परत पडलं. यावेळी ते उठून तडक प्रयोगशाळेत गेले.

त्यांनी बेडकांची दोन धडधडती हृदयं खारट द्रावणात ठेवली. पहिल्या हृदयाचा वेग कमी करणारा मज्जातंतू त्याला जोडलेला होता, दुसऱ्याला कोणताच मज्जातंतू नव्हता. पहिल्या हृदयाच्या तंतूला विजेचा झटका दिला, ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचं द्रावण काढून दुसऱ्या हृदयावर घातलं. तेही मंदावलं! मज्जातंतू नाही, वीज नाही, तरी निरोप पोचला, कारण तो पाण्यात उतरला होता. १९२१ साली ल्योवींनी हे प्रसिद्ध केलं. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन निघालं आणि १९३६ मध्ये ल्योवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. दोन वर्षांनी नाझींनी ल्योवींना तुरुंगात टाकलं, आणि देश सोडू देण्याआधी त्या पारितोषिकाची रक्कमही काढून घेतली. विज्ञानाच्या पुस्तकांत स्वप्नाची गोष्ट आवडीने येते. ही दुसरी गोष्ट क्वचित येते, म्हणून सांगितली.

मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीनच्या सूक्ष्म पिशव्या तयार असतात. विजेची लहर टोकाला पोचली की त्या पडद्याशी येऊन फुटतात, रसायन फटीत उतरतं आणि पलीकडच्या ग्राहीवर जाऊन बसतं. आता या एकाच रसायनाची तीन कामं पाहा. हृदयावर ते पडलं तर ठोके मंदावतात. हातापायाच्या स्नायूवर पडलं तर स्नायू आकसतो. घामाच्या ग्रंथीवर पडलं तर घाम सुटतो. एकीकडे आवर, दुसरीकडे जोर, तिसरीकडे पाणी. रसायनात काही फरक नाही, ऐकणारे वेगळे आहेत. स्नायूवरचा ग्राही एका जातीचा, हृदयावरचा आणि घामाच्या ग्रंथीवरचा दुसऱ्या जातीचा. पहिल्या जातीच्या ग्राहीवर तंबाखूतलं निकोटीनही चपखल बसतं. तशाच जातीचे ग्राही मेंदूतही असतात, आणि खर्रा सुटता सुटत नाही त्याचं मूळ तिथे आहे.

पाहुण्याला उत्तर मिळालं. निरोप खोटा होता, घाम मात्र खरा.

४. मे महिन्यातला अर्धा लिटर

खरा उन्हाळा आला की याच घामाची किंमत कळते. एक छोटं गणित करू. ६० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ५० किलोकॅलरी उष्णता अडकून राहिली, तर त्याचं तापमान १ अंशाने वाढतं. त्वचेवरून १ लिटर घाम वाळून गेला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे तेवढा घाम आला नसता आणि उष्णता बाहेर पडायला दुसरी वाट नसती, तर तापमान ११-१२ अंशांनी चढलं असतं. माणूस त्याच्या कितीतरी आधी दगावला असता. मे महिन्यात भर दुपारी विटा वाहणारा मजूर तासाला १ लिटर घाम सहज गाळतो. नागपूरची हवा कोरडी, घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती गेला हे त्याला जाणवतही नाही. खिशात कांदा ठेवल्याने यातलं काहीही बदलत नाही. डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याने निदान ऊन अडतं.

पाणी गेलं की रक्तातले क्षार दाट होतात. मेंदूच्या तळाशी यावर पाळत ठेवणाऱ्या पेशी आहेत. क्षारांचं प्रमाण १-२ टक्क्यांनी वाढलं तरी त्यांना कळतं. त्या दोन गोष्टी करतात. तहान लावतात, आणि व्हॅसोप्रेसिन नावाचं रसायन रक्तात सोडायला लावतात. अवघ्या ९ अमिनो आम्लांची ही लहानशी साखळी आहे. तिला पोचायचंय मूत्रपिंडांत, आणि इथे फटीएवढं नाही तर चांगलं हातभर अंतर आहे. त्यासाठी रक्ताची वाट. रक्तातून प्रवास करणाऱ्या अशा निरोपाला संप्रेरक म्हणतात.

रक्त तर सगळीकडे जातं. मग व्हॅसोप्रेसिनला मूत्रपिंड सापडतं कसं? ते शोधत नाहीच. नागपूर स्थानकावर ‘विदर्भ एक्स्प्रेस थोड्याच वेळात येत आहे’ अशी घोषणा होते, तेव्हा ती प्रत्येक माणसाच्या कानावर पडते. गोंदियाला निघालेला नातेवाईक बॅगा उचलतो, हमाल डब्याच्या जागेकडे सरकतो, चहावाला किटली भरून घेतो, आणि चेन्नईच्या गाडीची वाट पाहणारा झोपलेला असतो तसाच झोपून राहतो. घोषणा कोणा एकासाठी वेगळी केलेली नसते. ज्याचा तिच्याशी संबंध आहे तो उठतो, आणि उठून प्रत्येक जण आपलं काम करतो. व्हॅसोप्रेसिनही डोळ्याच्या, केसाच्या मुळाच्या, आतड्याच्या पेशींजवळून जातं. ज्यांच्याकडे ग्राही नाही त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा आपोआप परत रक्तात जातो. शेवटच्या टप्प्यावर थोडा उरतो, आणि तो ठेवायचा की टाकायचा हे व्हॅसोप्रेसिन ठरवतं. मूत्रपिंडातल्या त्या टप्प्यावरच्या नळ्यांच्या पेशींवर त्याचा ग्राही असतो. संप्रेरक पेशीत शिरत नाही. बाहेरच्या बाजूने ग्राहीवर बसतं, ग्राहीचा आतला भाग हलतो आणि आत दुसरं एक रसायन तयार होऊ लागतं, सायक्लिक एएमपी. म्हणजे बाहेरचा निरोप उंबऱ्यावर थांबला आणि आत नवा निरोप निघाला. अर्ल सदरलँड यांनी यकृतावर काम करताना ही रीत शोधली आणि १९७१ चं नोबेल मिळवलं.

ही दोन टप्प्यांची रचना उगाच लांबण लावल्यासारखी वाटते. पण पाहा. समजा, एका ग्राहीने आतली १० प्रथिनं जागी केली, प्रत्येकाने सायक्लिक एएमपीचे १०० रेणू बनवले. झाले १,००० रेणू. त्यांनी जागी केलेल्या प्रत्येक प्रथिनाने पुढची १०० हलवली, तर आकडा १ लाखाला जातो. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण पद्धत हीच. म्हणूनच रक्तात नावापुरतं असलेलं संप्रेरक अख्ख्या अवयवाचं काम बदलू शकतं.

या धावपळीचा शेवट असा, की पेशीच्या आत राखून ठेवलेली, पाण्याची वाट असणारी प्रथिनं वर येऊन पडद्यात बसतात. अशा पाणवाटा पीटर आग्रे यांनी शोधल्या, २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच. वाट मिळाली की पाणी परत आत ओढलं जातं आणि लघवी कमी व दाट होते. उन्हातून आल्यावर ती गडद पिवळी दिसते ती यामुळे. तरी दिवसाला साधारण अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते, कारण शरीरातला कचरा त्याहून कमी पाण्यात मावत नाही. आणि भर मे महिन्यात थंडगार बिअर पिऊन तहान भागवणाऱ्यांसाठी: मद्य व्हॅसोप्रेसिनचं स्रवणं दाबतं. ऐन वेळी घोषणाच बंद!

हेच व्हॅसोप्रेसिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीत वेगळ्या ग्राहीवर बसतं आणि त्या आकसतात. रक्त कमी झालं असताना दाब टिकवायला ते कामी येतं. उलट काही मुलं जन्मतः अशी असतात, की त्यांच्या मूत्रपिंडातला ग्राहीच सदोष असतो. रक्तात व्हॅसोप्रेसिन मुबलक, तरी ती दिवसभर पाणी पितात आणि तेवढीच लघवी करतात. घरोघरी आढळणाऱ्या मधुमेहातही बहुतेक वेळा सुरुवात अशीच होते. इन्सुलिन असतं, पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत.

५. न पुसलेला निरोप

आतापर्यंत निरोप पोचण्याबद्दल बोललो. पण पोचलेला निरोप पुसलाही जावा लागतो. बोट वाकव म्हणून स्नायूला सांगितलं, ते वाकलं. आता अ‍ॅसिटिलकोलीन तिथेच राहिलं तर बोट सुटणार कसं? म्हणून त्या फटीत एक विकर, म्हणजे काम झपाट्याने उरकणारं प्रथिन, सज्ज असतं. त्याचा एक रेणू सेकंदाला अ‍ॅसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. निरोप पोचतो, काम होतं, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत फट रिकामी होते.

२०१७ च्या पावसाळ्यात नागपूरपासून दीडेकशे किलोमीटरवरच्या यवतमाळ जिल्ह्यात हे पुसणं बंद पडलं. कपाशी त्या वर्षी उंच वाढली होती, किडीचा जोर होता, फवारणीवर फवारणी चालली होती. माणसं डोक्याएवढ्या पिकात शिरून, तोंडाला फार तर एक रुमाल बांधून, दोन-तीन औषधं एकत्र करून पंप मारत होती. शेकडो शेतकरी आणि मजूर रुग्णालयात दाखल झाले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक दगावले. वापरात अनेक प्रकारची औषधं होती. त्यांतली मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. ‘औषध’ हा शेतातला शब्द. बाटलीवर विषाचं चिन्ह असतं.

या गटाचं विष निरोप पाठवत नाही आणि अडवतही नाही. ते पुसणाऱ्या विकराला जखडतं. किडीत आणि माणसात ते विकर जवळपास सारखंच असल्याने दोघांची गत एकच होते. मग शरीरभर अ‍ॅसिटिलकोलीन साचतं, आणि तिसऱ्या भागात पाहिलेली त्याची सगळी कामं एकदम, न थांबता सुरू होतात. अंग घामाने निथळतं, तोंडाला लाळ आणि फेस येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, हृदय मंदावतं, छातीत पाणी भरतं. स्नायू आधी फडफडतात, मग थकून लुळे पडतात. त्यांत श्वासाचे स्नायूही आले.

डॉक्टर अशा वेळी अ‍ॅट्रोपीन टोचतात, तेही थोडं थोडं नाही. छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा. धोतऱ्यात असतं त्याच जातीचं हे रसायन. ते अ‍ॅसिटिलकोलीनला हात लावत नाही. हृदय, लाळग्रंथी, घामाच्या ग्रंथी यांच्यावरच्या ग्राहींवर स्वतः जाऊन बसतं आणि त्यांना काही ऐकूच येऊ देत नाही. पण स्नायूंवरचे ग्राही दुसऱ्या जातीचे, हे आपण पाहिलं; तिथे अ‍ॅट्रोपीन बसतच नाही. त्यामुळे लाळ आणि घाम आटला तरी श्वास धोक्यातच राहतो. जखडलेलं विकर सोडवू पाहणारं प्रॅलिडॉक्सिम वेळेत द्यावं लागतं, कृत्रिम श्वास द्यावा लागतो. ग्राहींच्या दोन जाती हा पुस्तकातला प्रकार वाटतो. वॉर्डात मात्र रुग्णाला व्हेंटिलेटर लागेल की नाही हे त्यावर ठरतं.

धोतरा पोटात गेलेल्या माणसाचं अंग याच कारणाने तापून कोरडं पडतं. घामाचा निरोप जातो, ग्रंथी तो ऐकत नाही. मानसिक आजारांवरच्या आणि ॲलर्जीवरच्या काही गोळ्या थोड्या प्रमाणात हेच करतात, म्हणून त्या घेणाऱ्यांनी विदर्भातला उन्हाळा जरा जास्तच जपून काढावा.

६. बिरवाडीचा विंचू

अ‍ॅसिटिलकोलीनचा जोडीदार, आणि बऱ्याचदा प्रतिस्पर्धी, म्हणजे अ‍ॅड्रिनालीन. मागे कुत्रं लागलं की हे रक्तात उतरतं. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा पांढरा पडतो. पायाच्या स्नायूंच्या रक्तवाहिन्या उलट रुंदावतात, म्हणून पळता येतं. एकाच रसायनाने एक वाहिनी बंद आणि दुसरी उघडी कशी व्हावी? १९४८ मध्ये अमेरिकेच्या रेमंड आल्क्विस्ट यांनी सांगितलं की याचे ग्राही दोन तऱ्हांचे असले पाहिजेत, आणि त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावं दिली. तेव्हा एकही ग्राही कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पुढची काही वर्षं फारसं कोणी मनावरही घेतलं नाही. त्यातला अल्फा ग्राही पुढे कोकणात कामी आला.

नागपूरच्या मेडिकलमधून एमबीबीएस झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावलेली माणसं, त्यांत लहान मुलं फार, त्यांच्यासमोर येत होती आणि मरत होती. दंश पायाच्या बोटाला, मृत्यू मात्र छातीत पाणी भरून. उपचार म्हणून मॉर्फीन, स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपीन असं बरंच काही दिलं जाई. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून राहिले आणि क्रम टिपत गेले. आधी उलट्या, दरदरून घाम, लाळ. मग हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब चढलेला, हृदय धावतंय. मग खोकल्याबरोबर गुलाबी फेस. १९८२ मध्ये ही निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली.

या खुणा वाचल्या की यंत्रणा उलगडते. विंचवाचं विष मज्जातंतूंच्या पडद्यातली सोडियमची दारं उघडी ठेवतं. तंतू थांबायचं नाव घेत नाहीत आणि त्यांच्या टोकांतून निरोपांचा पूर येतो. आधी थोडा वेळ अ‍ॅसिटिलकोलीनचा, मग अ‍ॅड्रिनालीन आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्या एका रसायनाचा. अल्फा ग्राही असलेल्या सगळ्या रक्तवाहिन्या एकदम आवळल्या जातात. त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय दमतं, रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं. विष हृदयापर्यंत चालत जाण्याची गरजच नसते. शरीराचे स्वतःचे निरोप त्याचं काम करतात. अशा वेळी अ‍ॅट्रोपीन दिलं तर हृदयाला आवर घालणारा उरलासुरला निरोपही बंद होतो. यवतमाळच्या रुग्णाला जे वाचवतं, ते महाडच्या रुग्णाला घातक ठरू शकतं.

रक्तदाबासाठी तेव्हा प्रॅझोसिन नावाची गोळी नव्याने वापरात येत होती. ती अल्फा ग्राहींवर बसून त्यांना बधिर करते. बावस्करांनी ती विंचूदंशावर वापरली. १९८६ मध्ये त्याचाही अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. आधी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास उतरलं. गोळी तोंडाने घ्यायची, स्वस्त, कोणत्याही आरोग्य केंद्रात ठेवता येणारी. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एक प्रश्न उरला होता. रक्तात फिरणारं विष प्रॅझोसिनमुळे नाहीसं होत नाही, ते तंतूंना डिवचतच राहतं. विष धरून निकामी करणारं प्रतिविष सोबत दिलं तर? बावस्करांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह महाडमध्ये ७० रुग्णांवर हे तपासलं. निम्म्यांना नुसतं प्रॅझोसिन, निम्म्यांना दोन्ही. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेले निकाल असे: नुसत्या गोळीवर असलेल्यांना पूर्ण बरं व्हायला सरासरी १७ ते १८ तास लागले, प्रतिविष आणि गोळी दोन्ही मिळालेले सुमारे ८ तासांत बरे झाले.